घरच्या घरी कॉइल गुंडाळणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तयार इंडक्टर मिळत असताना स्वतः कॉइल का गुंडाळायची?

इंडक्टर म्हणजे तारेचे वेढे घालून केलेली कॉइल; तिचं मूल्य, म्हणजे इंडक्टन्स, हेन्रीत मोजतात. ती प्रत्येक वेळी गुंडाळायलाच हवी असं नाही. एलएम२५९६ ही व्होल्टेज उतरवणारी आयसी वापरून ५ व्होल्टचा पुरवठा करायचा असेल, तर ३३ मायक्रोहेन्री, ३ अँपिअरचा तयार इंडक्टर विकत घ्या. तो स्वस्त पडतो आणि त्याचे आकडे छापील असतात. पण मीडियम वेव्ह रेडिओची टॅप (मधल्या वेढ्यांवरून बाहेर घेतलेले जोड) काढलेली कॉइल, ७ मेगाहर्ट्झच्या फिल्टरमधली नेमक्या मूल्याची कॉइल, एफएम रिसीव्हरमधले पाच वेढे किंवा स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधला (खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधला) जाड तारेचा इंडक्टर दुकानात हवा तसा मिळत नाही. रेझिस्टरसारखे दिसणारे रंगीत पट्ट्यांचे छोटे इंडक्टर मिळतात, पण त्यांची तार बारीक असते आणि क्यू (कॉइलमधला तोटा किती कमी आहे याचं माप) बेताचा असतो. ट्यून्ड (हवी ती वारंवारिता निवडणाऱ्या) सर्किटमध्ये असा इंडक्टर घातला की स्टेशनं एकमेकांत मिसळतात आणि दोष मात्र डायोडला दिला जातो.

पहिली कॉइल कोणती करावी?

हवेच्या गाभ्याची (वेढ्यांच्या आत चुंबकीय माल नसलेली), एकाच थराची, पीव्हीसी पाइपवरची. टोरॉइड (रिंगच्या आकाराचा गाभा) दिसायला छोटा आणि नेटका असतो म्हणून नवखे लोक त्याकडेच वळतात, पण त्यात एक अज्ञात गोष्ट असते, ती म्हणजे गाभ्याचा माल. पाइपवरच्या कॉइलमध्ये काहीच लपलेलं नसतं. व्यास मोजता येतो, वेढे डोळ्यांना दिसतात आणि सूत्रातून आलेलं उत्तर प्रत्यक्ष मोजमापाशी जुळतं. हिशेब आणि हात दोन्ही बरोबर आहेत याची एकदा खात्री पटली की मग टोरॉइडकडे जावं.

वेढे किती घ्यायचे हे कसं काढतात?

एकथरी कॉइलसाठी हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२८ साली दिलेलं सूत्र आजही पुरेसं आहे. मिलिमीटरमध्ये ते असं लिहिता येतं :

इंडक्टन्स (मायक्रोहेन्री) = (व्यास × व्यास × वेढे × वेढे) ÷ (४५७ × व्यास + १०१६ × लांबी)

व्यास म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास अधिक तारेची एक जाडी. लांबी म्हणजे वेढ्यांनी व्यापलेली लांबी, पाइपची नव्हे. लांबी व्यासाच्या ०.४ पटीपेक्षा जास्त असेल तर सूत्राची चूक एखाद्या टक्क्याच्या आत राहते. त्याहून आखूड, चपट्या कॉइलला हे सूत्र लावू नका.

किती इंडक्टन्स हवा हे कपॅसिटरवरून ठरतं. त्याचा हिशेब सोपा आहे : २५३३० ला वारंवारितेच्या वर्गाने (मेगाहर्ट्झमध्ये) आणि कपॅसिटन्सने (पिकोफॅरडमध्ये) भागा, उत्तर मायक्रोहेन्रीत येतं. मीडियम वेव्हचं खालचं टोक ५३० किलोहर्ट्झ धरलं, ३६५ पिकोफॅरडचा गँग (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) आणि वायरिंगचे साधारण १५ ते २० पिकोफॅरड धरले, तर २३५ ते २४० मायक्रोहेन्री लागतात.

मीडियम वेव्हच्या कॉइलची कृती सविस्तर सांगाल का?

नळकामाच्या दुकानातून ५० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा १० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. करवतीने कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर तारेचं इनॅमल (वरचा इन्सुलेशनचा लेप) तिथेच खरवडलं जातं. काठापासून २५ मिलिमीटरवर, ५ मिलिमीटर अंतराने दीड मिलिमीटरची दोन छिद्रं पाडा. तशीच दोन छिद्रं पहिल्या जोडीपासून ४२ मिलिमीटरवर पाडा.

तार २६ गेजची, म्हणजे तांबं ०.४५७ मिलिमीटर आणि इनॅमलसकट सुमारे अर्धा मिलिमीटर. ७६ वेढ्यांना लांबी ३८ मिलिमीटर होते. सरासरी व्यास ५०.५ धरून सूत्रात घातलं की २३९ मायक्रोहेन्री येतात. तार लागते १२ मीटर. टोकं आणि टॅप धरून १३ मीटर घ्या. तिचं वजन सुमारे २० ग्रॅम भरतं, म्हणून ५० ग्रॅमच्या रिळात दोन कॉइली सहज होतात.

रीळ स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर अडकवा, म्हणजे ते गरगर फिरत तार सोडेल. रीळ उभं ठेवून वरून तार ओढली तर प्रत्येक फेऱ्याला एक पीळ पडतो. पंधरा-वीस वेढ्यांनंतर तार स्वतःभोवती वळायला लागते आणि आढी पडते. आढी सरळ केली तरी तिथलं इनॅमल तडकलेलं असतं.

तारेचं टोक दोन्ही छिद्रांतून दोनदा ओवून घ्या, १५ सेंटिमीटर बाहेर ठेवा. आता तार ताणून धरायची आणि पाइप आपल्याकडे फिरवत जायचं. हात तारेवर हवा, फिरायला पाइप हवा. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख शेवटच्या वेढ्याला टेकवून ठेवलं की पुढचा वेढा आपोआप त्याला चिकटून बसतो. दर दहाव्या वेढ्याला पाइपवर मार्करने खूण करा. सगळे वेढे शेवटी मोजू असं म्हणणाऱ्याची मोजणी दोन-तीन वेढ्यांनी चुकतेच.

१०, २५ आणि ४० व्या वेढ्याला टॅप काढा. तार एका आगकाडीखालून घेऊन तिचा सेंटिमीटरभराचा फासा करा, दोन पीळ द्या आणि पुढे चला. क्रिस्टल रेडिओत (बॅटरीशिवाय चालणाऱ्या साध्या रेडिओत) सुरुवातीचं टोक अर्थला जातं, एरियल १० किंवा २५ व्या वेढ्याला आणि डायोड २५ किंवा ४० व्या वेढ्याला लावून पाहायचा. एरियल थेट वरच्या टोकाला लावलं तर आवाज मोठा येतो, पण स्टेशन वेगळं काढता येत नाही, कारण एरियलचा सगळा कपॅसिटन्स कॉइलवर बसतो.

मध्येच उठावं लागलं तर शेवटच्या वेढ्यावर चिकटपट्टी लावा. हात सुटला की चाळीस वेढे एका क्षणात मोकळे होतात, आणि तीच तार पुन्हा गुंडाळली तर ती कधीच सपाट बसत नाही.

माझ्या गँगचा कपॅसिटन्स ३६५ नाही. तीच कॉइल चालेल का?

चालेल, पण पट्ट्याचं खालचं टोक गाठणार नाही. प्लॅस्टिकच्या छोट्या गँगचा एक भाग साधारण २६६ पिकोफॅरडचा असतो. त्याला ३२० मायक्रोहेन्रीच्या आसपास हवेत. त्याच पाइपवर त्याच तारेचे ९५ वेढे घ्या, ३२२ येतात. तेव्हा दुसऱ्या बाजूची छिद्रं ४२ ऐवजी ५२ मिलिमीटरवर पाडायला विसरू नका.

वरचं टोकही तपासा. २४० मायक्रोहेन्रीला १६०० किलोहर्ट्झवर जेमतेम ४१ पिकोफॅरड परवडतात. गँग पूर्ण उघडल्यावर उरणारा कपॅसिटन्स, वायरिंग आणि कॉइलच्या वेढ्यांमधला कपॅसिटन्स हे सगळं त्यात बसायला हवं. वरची स्टेशनं लागत नसतील तर आधी लांबलचक वायरी आखूड करा. वेढे कमी केले तर खालची स्टेशनं जातील.

गेजचा घोळ नेहमी होतो. नेमकं काय विचारायचं?

आपल्याकडचे वाइंडिंगवाले एसडब्ल्यूजी (ब्रिटिश) गेज बोलतात, परदेशी लेखांत आणि आराखड्यांत बहुतेकदा एडब्ल्यूजी (अमेरिकी) असतो. आकडा तोच, तार वेगळी. २२ एसडब्ल्यूजी ०.७११ मिलिमीटर, तर २२ एडब्ल्यूजी ०.६४४. २६ एसडब्ल्यूजी ०.४५७, तर २६ एडब्ल्यूजी ०.४०५. म्हणून मिलिमीटर लिहून नेलेलं बरं.

मायक्रोमीटर नसेल तर पेन्सिलीवर २० वेढे घट्ट चिकटवून गुंडाळा, त्यांची लांबी पट्टीने मोजा आणि २० ने भागा. १० मिलिमीटर भरले तर तार इनॅमलसकट अर्ध्या मिलिमीटरची. व्हीलरच्या सूत्राला असाच, इनॅमलसकटचा आकडा लागतो.

तार वजनावर विकतात. १०० ग्रॅममध्ये २२ गेजची सुमारे २८ मीटर, २६ ची ६८ मीटर, ३० ची १४० मीटर आणि ३६ ची ३८० मीटर बसते. इनॅमलचं वजन धरता थोडी कमी समजा.

ही तार कुठे मिळते आणि अस्सल तांब्याची आहे हे कसं ओळखायचं?

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली हे नेहमीचे पत्ते. बाकी कुठल्याही तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान असतंच, तिथे सुटी तार वजनावर मिळते. ब्लेडने टोक तिरकं कापून आतला रंग बघा. वर तांबूस आणि आत रुपेरी दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची तार आहे. तिचा रोध जास्त असतो, ती दोन-तीनदा वाकवली की तुटते, आणि खरवडताना मुलामा निघाला तर तिला सोल्डर धरत नाही.

सोल्डर चिकटतच नाही. काय चुकतंय?

इनॅमल निघालेलं नाही. हा या छंदातला सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष आहे, कारण वरून सोल्डरचा गोळा छान बसलेला दिसतो आणि आत तार कोरडी असते.

इनॅमल दोन जातींचं समजा. पॉलियुरेथेनचं इनॅमल ३७० ते ३९० अंशांच्या बिटवर, ताज्या सोल्डरच्या थेंबात तार पाच-सहा सेकंद धरली की वितळून जातं. मोटर वाइंडिंगची तार मात्र उष्णता सोसणाऱ्या इनॅमलची असते. तिला कितीही वेळ तापवलं तरी काही होत नाही. ती खरवडावीच लागते. बारीक पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून त्यात तार धरा आणि फिरवत फिरवत ओढा, म्हणजे चारही बाजू निघतात. ब्लेडने एकाच बाजूने खरवडलं तर पलीकडचा अर्धा भाग तसाच राहतो. ३४ गेजपेक्षा बारीक तारेला ब्लेड लावू नका, खाच पडते आणि पंधरा दिवसांनी तिथेच तार तुटते.

लायटरने जाळून टाकण्याची सवय अनेकांना असते. जाळल्यावर तांब्यावर काळा ऑक्साइड चढतो, त्यालाही सोल्डर धरत नाही, म्हणजे शेवटी घासावं लागतंच. अॅस्पिरिनच्या गोळीवर गरम तार दाबायची जुनी युक्ती करू नका. तिची वाफ नाका-डोळ्यांना झोंबते आणि मागे राहणारं आम्ल तार खातं.

टोक चकाकलं की आधी एकट्या टोकाला सोल्डरचा थर द्या. थर सगळीकडून सारखा बसला तरच पुढे जोडा. मग मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. वरच्या ७६ वेढ्यांच्या कॉइलला सुमारे १.३ ओहम यायला हवेत. ०.२ आले तर कुठेतरी वेढे आपसात शॉर्ट आहेत, ५० आले तर जोड कच्चा आहे.

वेढे घड्याळाच्या दिशेने घ्यायचे की उलट?

एकटी कॉइल असेल तर काहीच फरक पडत नाही. दोन कॉइली एकमेकींशी जोडून काम करत असतील, म्हणजे रीजनरेटिव्ह रेडिओतली टिकलर (सिग्नल परत मागे देणारी कॉइल) किंवा ज्यूल थीफमधली (संपत आलेल्या सेलवर एलईडी पेटवणाऱ्या सर्किटमधली) दुसरी वाइंडिंग, तर दिशेवर सगळं अवलंबून असतं. सर्किट ऑसिलेट होत नसेल तर ट्रान्झिस्टर बदलण्याआधी दोघींपैकी एकीची टोकं अदलाबदल करा. दहापैकी नऊ वेळा दोष तिथेच निघतो.

वेढे चिकटून घ्यावेत की अंतर ठेवून?

मीडियम वेव्हला चिकटून चालतं. शॉर्ट वेव्ह आणि त्याहून वरच्या वारंवारितांना तारेच्या जाडीइतकं अंतर ठेवलं तर क्यू वाढतो. वारंवारिता वाढली की प्रवाह तारेच्या कातडीपाशीच वाहतो : १ मेगाहर्ट्झला तांब्यात त्याची खोली अवघी ०.०६६ मिलिमीटर असते, ७ मेगाहर्ट्झला ०.०२५. वेढे चिकटलेले असले की शेजारच्या वेढ्याचं चुंबकीय क्षेत्र हा प्रवाह तारेच्या एकाच बाजूला ढकलतं आणि रोध आणखी वाढतो. अंतर सारखं राखायला तारेसोबत त्याच जाडीचा नायलॉनचा दोरा गुंडाळा आणि नंतर दोरा सोडून घ्या.

आकाराचंही महत्त्व आहे. लांबी व्यासाच्या जवळपास किंवा थोडी कमी असावी. पेन्सिलीसारख्या लांब, बारीक कॉइलचा क्यू पडतो. आणि कॉइलपासून निदान एक व्यासभर अंतरात धातूचा डबा, गँगची चौकट किंवा स्पीकरचं चुंबक येऊ देऊ नका.

टोरॉइडवर वेढे कसे मोजायचे?

तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. सरळ आरपार ओवलेली तार हा एक वेढा आहे, अर्धा नव्हे, शून्यही नव्हे. बाहेरच्या कडेला दिसणाऱ्या तारा मोजल्या की एकाची चूक होते, म्हणून नेहमी आतल्या बाजूने मोजा. मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून मोजणं सर्वांत खात्रीचं.

इथे सूत्र वेगळं लागतं. प्रत्येक गाभ्याला एएल नावाचा आकडा असतो, नॅनोहेन्री प्रति वेढा-वर्ग. हवा असलेला इंडक्टन्स नॅनोहेन्रीत घ्या, एएलने भागा, वर्गमूळ काढा. टी५०-२ या लाल गाभ्याचा एएल ४.९ आहे. १.१ मायक्रोहेन्री म्हणजे ११०० नॅनोहेन्री. ११०० ÷ ४.९ = २२४; वर्गमूळ १५. पंधरा वेढे आणि ४७० पिकोफॅरड, झालं ७ मेगाहर्ट्झचं ट्यून्ड सर्किट. तार ३५ सेंटिमीटर पुरते.

फेराइटचा (लोह-ऑक्साइडच्या सिरॅमिकचा) एफटी३७-४३ गाभा घेतला तर एएल ३५० च्या आसपास, म्हणजे १०० मायक्रोहेन्रीला १७ वेढे. फेराइटचा एएल २० टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असतो आणि तापमानानेही सरकतो. त्यामुळे ऑसिलेटरची वारंवारिता ठरवणारी कॉइल फेराइटवर गुंडाळू नये, त्यासाठी लोहचूर्णाचा लाल किंवा पिवळा गाभा घ्यावा. फेराइट मात्र चोक (उच्च वारंवारिता अडवणारी कॉइल) आणि ट्रान्सफॉर्मरसाठी उत्तम.

वेढे रिंगेवर सारखे पसरा, पण दोन टोकांमध्ये साधारण ३० अंशांची मोकळी जागा ठेवा. टोरॉइडवर बारीक जुळवणीही याच मार्गाने होते : वेढे एकत्र सरकवले की इंडक्टन्स थोडा वाढतो, पसरले की कमी होतो.

जुन्या सर्किटमधून काढलेली रिंग कोणत्या मालाची आहे हे कसं कळेल?

तिच्यावर १० वेढे घ्या आणि इंडक्टन्स मोजा. नॅनोहेन्रीतल्या उत्तराला १०० ने भागलं की एएल मिळाला. ९.३ मायक्रोहेन्री आले तर एएल ९३. काही शे मायक्रोहेन्री आले तर ती जास्त पारगम्यतेची (सहज चुंबकित होणारी) फेराइट रिंग आहे, बहुधा मेन्स फिल्टरमधली. मीटरचा काटा हललाच नाही तर ती रेडिओच्या वारंवारितेची, कमी एएलची रिंग असू शकते. तेव्हा ३० वेढे घेऊन ९०० ने भागा.

उघड्या फेराइटवर मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब दाबून रोध बघा. काही किलोओहम ते काही शे किलोओहम दिसले तर मँगनीज-झिंक, काहीच दिसलं नाही तर निकेल-झिंक. पहिला स्विचिंग पुरवठ्याच्या वारंवारितेला चांगला, दुसरा रेडिओच्या. मँगनीज-झिंक थोडीफार वीज वाहून नेतो, म्हणून त्याच्या कडेवर इनॅमल खरवडलं गेलं की वेढे गाभ्यातून आपसात जोडले जातात. गुंडाळण्याआधी त्यावर नळाच्या कामाची टेफ्लॉन टेप एकदा फिरवा.

रंगावर डोळे झाकून विश्वास नको. लाल रंगाचा डबा कोणाकडेही असतो. दहा वेढ्यांची चाचणी घेतल्याशिवाय अनोळखी रिंग वापरू नका.

कॉइल मीटरवर बरोबर येते, पण सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर तापतो. का?

गाभा संपृक्त होतोय, म्हणजे तो आणखी चुंबकीय क्षेत्र धरू शकत नाही. मीटर काही मिलिअँपिअरने मोजतो, सर्किट अँपिअरने चालवतं. वरचाच एफटी३७-४३ घ्या : १७ वेढ्यांना त्याचा गाभा साधारण ०.३५ अँपिअरला भरतो आणि इंडक्टन्स त्याच्या बराच आधी घसरायला लागतो. त्यानंतर कॉइल म्हणजे नुसती तार. प्रवाह एकदम उसळतो आणि ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट जातो.

ज्या कॉइलमधून एका दिशेचा मोठा प्रवाह जातो, तिला लोहचूर्णाचा गाभा किंवा फटीचा (मध्ये बारीक फट ठेवलेला) फेराइट हवा. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमध्ये पिवळी रिंग आणि तिची एक बाजू पांढरी असा गाभा असतो, तो लोहचूर्णाचा २६ क्रमांकाचा माल. टी१०६-२६ या आकाराचा एएल ९३. १०० मायक्रोहेन्रीला हिशेबाने ३३ वेढे येतात, पण ३ अँपिअर वाहताना त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा गळतो, म्हणून ३६-३७ घ्या. तार २० गेजची, जागा असेल तर १८.

हा गाभा ५० किलोहर्ट्झच्या आसपासच्या एलएम२५७६ सारख्या आयसीला ठीक. १५० किलोहर्ट्झच्या आयसीला लावला तर चालतो पण गरम होतो. आणि लोहचूर्ण सतत तापत राहिलं की त्यातला चिकट पदार्थ म्हातारा होतो, त्याने तोटा वाढतो, त्याने गाभा आणखी तापतो. बोट ठेवता येत नसेल इतका गाभा तापत असेल तर मोठा गाभा किंवा हिरवा-निळा ५२ क्रमांकाचा माल घ्या.

एफएमच्या कॉइलसाठी पाच वेढे लिहिलेत, पण स्टेशन लागत नाही.

१०० मेगाहर्ट्झला मिलिमीटरही मोठा असतो. ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर २२ गेजचे ५ वेढे घेऊन ६ मिलिमीटर लांबीवर पसरले तर ०.०९३ मायक्रोहेन्री होतात. एकूण २७ पिकोफॅरडला ती १०० मेगाहर्ट्झवर बसते. तीच कॉइल नखाने ८ मिलिमीटरपर्यंत ताणली की वारंवारिता १११ वर जाते, म्हणजे पट्ट्याच्याही बाहेर. टोकांची लांबीसुद्धा मोजा, दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री वाढतो. दोन्ही पाय एकेक सेंटिमीटर सोडले तर २० नॅनोहेन्री वाढून स्टेशनं खाली सरकतात.

यासाठी एक हत्यार बनवून ठेवा. बॉलपेनच्या रिकाम्या नळीच्या एका टोकाला फेराइटचा छोटा तुकडा आणि दुसऱ्या टोकाला पितळी स्क्रू चिकटवा. सर्किट चालू असताना फेराइटचं टोक कॉइलच्या तोंडाशी न्या. आवाज सुधारला तर इंडक्टन्स कमी पडतोय, वेढे जवळ दाबा. पितळेने सुधारला तर इंडक्टन्स जास्त आहे, वेढे ताणा. दोन्हींनी आवाज बिघडला तर कॉइल नेमकी जागेवर आहे, तिला हात लावू नका.

हे सगळं रिसीव्हरसाठी. परवान्याशिवाय एफएम ट्रान्समीटर चालवणं भारतात बेकायदा आहे.

एलसीआर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रोध मोजणारा) मीटर नाही. मोजायचं कसं?

कॉइलला १००० पिकोफॅरडचा, ५ टक्के किंवा त्याहून अचूक, एनपीओ (तापमानाने जवळपास न बदलणारा सिरॅमिक) किंवा पॉलिस्टायरीन कपॅसिटर समांतर जोडा. सिग्नल जनरेटर १०० किलोओहममधून लावा आणि ऑसिलोस्कोपवर सिग्नल सर्वांत उंच कुठे होतो ते पाहा. आमच्या मीडियम वेव्हच्या कॉइलला तो ३२५ किलोहर्ट्झला व्हायला हवा. साधा ‘१०२’ छापलेला स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर वापरलात तर त्याचीच चूक कॉइलच्या माथी बसेल.

एटीमेगा३२८ या मायक्रोकंट्रोलरवर चालणारे स्वस्त कंपोनंट टेस्टर ०.०१ मिलिहेन्रीच्या पायरीने मोजतात, म्हणजे १० मायक्रोहेन्रीच्या खाली त्यांचा काही उपयोग नाही. २४० ला ते ठीक. हातातल्या एलसीआर मीटरवर १ मायक्रोहेन्री मोजायचा असेल तर आधी प्रोब एकमेकांना टेकवून शून्य करा.

स्पीकर क्रॉसओव्हरसाठी १ मिलिहेन्री हवा आहे.

इथे अनेक थरांची, हवेच्या गाभ्याची कॉइल करतात. तिचं सूत्र, पुन्हा मिलिमीटरमध्ये : ०.०३१५ × सरासरी त्रिज्येचा वर्ग × वेढ्यांचा वर्ग, भागिले (६ × सरासरी त्रिज्या + ९ × रुंदी + १० × थरांची एकूण जाडी).

३० मिलिमीटर व्यासाच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दांड्यावर, २५ मिलिमीटर अंतराने दोन गोल प्लायच्या चकत्या बसवून रीळ करा. १८ गेजच्या तारेचे एका थरात १९ वेढे बसतात. १८३ वेढ्यांना, म्हणजे साडेनऊ थरांच्या किंचित पुढे, १ मिलिहेन्री होतो. तार साडेचोवीस मीटर, २५५ ग्रॅम, रोध ०.३६ ओहम. १८६ वेढे घ्या आणि मोजत मोजत कमी करा. काढणं सोपं, जोडणं कठीण, हे सगळ्याच कॉइलींना लागू आहे. चकत्यांना लोखंडी स्क्रू वापरू नका, पितळीही नको. नायलॉनचे घ्या किंवा नुसतं चिकटवा.

एवढे वेढे हाताने मोजताना चुकायला होतं. रीळ हँड ड्रिलला लावा, आसाला छोटं चुंबक चिकटवा आणि साध्या कॅल्क्युलेटरच्या ‘=’ कळीच्या दोन टोकांना रीड स्विचच्या (चुंबक जवळ आलं की जुळणाऱ्या स्विचच्या) दोन वायरी जोडा. आधी १ आणि + एकदा दाबा, मग प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. काही कॅल्क्युलेटरना १ + + असं दोनदा लागतं.

लिट्झ वायर खरंच लागते का?

लिट्झ म्हणजे वेगवेगळं इनॅमल असलेल्या अनेक बारीक धाग्यांची पीळ दिलेली तार. फेराइट रॉडवरच्या मीडियम वेव्ह कॉइलला फरक कानाला कळतो. पण तिच्या प्रत्येक धाग्याला सोल्डर लागला पाहिजे. चार-पाच धागे सुटले तर साध्या तारेपेक्षा बरं काही हाती येत नाही. काही मेगाहर्ट्झच्या वर तिचा उपयोग नाही. १० मिलिमीटरच्या रॉडवर ६० वेढ्यांपासून सुरुवात करा. कॉइल कागदाच्या नळीवर घ्या, म्हणजे ती सरकवता येते : मध्यावर इंडक्टन्स सर्वांत जास्त, टोकाकडे कमी.

शेवटी वेढे कशाने पक्के करायचे?

मीडियम वेव्हला वितळवलेल्या मेणाचे चार ठिपके पुरतात. शॉर्ट वेव्हला थर्माकोलचे तुकडे टोल्युइनमध्ये विरघळवून तो पातळ लेप ब्रशने लावा, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळ ज्योत नसताना. सगळी कॉइल इपॉक्सीत बुडवू नका, वेढ्यांमधला कपॅसिटन्स वाढून वारंवारिता सरकते. पांढरा फेविकॉल पाण्यावरचा असतो, तो पूर्ण वाळेपर्यंत क्यू पडलेला राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो. स्विचिंग पुरवठ्यातली कॉइल शीळ घालत असेल तर वेढे सैल आहेत. तिला मात्र मोटरच्या वॉर्निशमध्ये बुडवून वाळवणं हाच उपाय.

सीएफएल आणि जुन्या पॉवर सप्लायमधले गाभे काढताना काय सांभाळायचं?

आतला मोठा कपॅसिटर. २३० व्होल्टचा मेन्स रेक्टिफाय झाला की त्यावर ३२५ व्होल्ट चढतात आणि प्लग काढल्यावरही टिकतात. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने तो रिकामा करा, मीटरने शून्याच्या जवळ आल्याची खात्री करा, मगच हात घाला. सीएफएलची काच धरून ओढू नका, आत पारा असतो. प्लॅस्टिकचा बुडखा फटीतून उघडा. ई आकाराचे चिकटवलेले गाभे जोराने ओढले तर फुटतात. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवले की चिकट पदार्थ मऊ होऊन ते अलगद सुटतात.